अळणी ताट

३ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यातल्या सिस्टर पॉलेटने ही वही दिली. माझं वजन पुन्हा उतरलंय. म्हणाली, "व्हर्लिन, रोज काय खाल्लंस, किती खाल्लंस आणि कसं लागलं, तिन्ही गोष्टी लिहायच्या. महिन्याने मी तपासणार." शाळेत ती माझ्या दोन इयत्ता मागे होती. आता मला गृहपाठ देते.

सकाळी कोको, अर्धा कप. दुपारी तुरीच्या दाण्यांचं कालवण आणि भात, चार घास. कसं लागलं? गरम लागलं.

४ फेब्रुवारी

पाहुणे दुपारच्या बोटीने आले. रॉली क्वाशी, वय अडुसष्ट, इंग्लंडात बस चालवायचा, आता निवृत्त. जन्म इथलाच, माउंट रॉयलचा. नऊ वर्षांचा असताना आई त्याला घेऊन हे कॅरियाकू बेट सोडून इंग्लंडला गेली, तो आज परत उगवला. बायको मॉरीन तिकडचीच, गोरी, बोलायला फटकळ. मागची खोली त्यांना तीन आठवडे दिलीय, जेवण त्यांचं बाहेर.

पोहायचं नाही, होडीत बसायचं नाही. रॉलीला फक्त खायचंय.

"आईच्या हातचं कूकू," तो बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाला. "मक्याच्या पिठाची उकड, तुंब्याच्या वाडग्यात गोल गोल फिरवलेली. वर तुरीचं कालवण. साठ वर्षं ती चव जिभेवर आहे. इंग्लंडात कुणाला जमली नाही. आईलासुद्धा तिथे जमली नाही. जिथे मिळेल तिथे मला ने."

"आणि मी गुण देणार," मॉरीन म्हणाली आणि तिने वही दाखवली. "दहापैकी. ह्याच्यावर माझा विश्वास नाही, ह्याला नारळाचं झाड दिसलं तरी रडू येतं."

व्हॅन माझी आहे, रस्ते माहीत आहेत, मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही काही कारण लागतं.

रात्री काही खाल्लं नाही. न्याहारीची तळलेली रोटी, बेक, अर्धी उरली होती, ती कोंबड्यांना घातली.

५ फेब्रुवारी

पहिला दिवस वाया. धक्क्याजवळच्या त्या हॉटेलात नेलं, जिथे शिडाच्या नौकांवरचे लोक जातात. पाटी मोठी, दिवे रंगीत, कूकूचे चौकोन कापून वर पान खोचलेलं. मॉरीनने चार दिले, त्यातले दोन पंख्याला.

"चौकोन?" रॉली म्हणाला. "माझ्या आईने हे पाहिलं असतं तर आचाऱ्याचा कान धरला असता."

चूक माझी. पाटी असलेल्या जागी नेऊच नये. आमच्याकडे चांगलं जेवण कुठे मिळतं ते पाटीवर नसतं. शाळेचे मास्तर मधल्या सुटीत कुठल्या कुंपणातून वाकून आत शिरतात ते बघायचं. माझा नवरा बर्टी होता तेव्हा तो नुसता धूर बघून सांगायचा, आज कोणाच्या चुलीवर काय आहे. मी आता धूर बघते तेव्हा धूरच दिसतो.

मी तीन घास कूकू खाल्लं. कसं लागलं ते आठवत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विंडवर्डला युट्रिसबाईंकडे नेलं. त्या फक्त शुक्रवारी रांधतात, तेही भाऊ बुडी मारून लांबी, म्हणजे शंखातलं मांस, घेऊन आला तर. रस्त्यावरूनच ओरडून विचारायचं. मी ओरडले, "युट्रिस, शंख निघाले का?" आतून आवाज आला, "निघाले, पण तू गाडीतून उतरलीस तरच मिळतील. दोन वर्षांत फिरकली नाहीस, आता काच खाली करून हुकूम सोडतेस!"

उतरले. लांबी कुटून, लिंबू चोळून, तासभर शिजवलेली. रॉलीने बोटं चाटली. मॉरीनने नऊ दिले आणि युट्रिसबाईंच्या गालाचा मुका घेतला. पण कूकू ते नव्हतं.

"छान आहे, पण काहीतरी जास्त आहे," रॉली म्हणाला. "काय जास्त आहे ते सांगता येत नाही."

"आवडतं खायला घातलं तरी हा बाप्या तक्रार करतो," मॉरीन म्हणाली.

मी किती खाल्लं ते युट्रिसबाई बघत होत्या, म्हणून वाडगा संपवला. कसं लागलं: चावावं लागलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाहुणे सकाळीच पायी शहरात गेले. शनिवारी मी ओट्यावरच्या खिडकीतून जेवण विकते. बर्टी होता तेव्हाही विकायची, तेव्हा हशा आणि भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू जायची. आता लोक येतात, घेतात, गप्प उभे राहून खातात. हवालदार कंबरबॅच तर टोपी काढून जेवतो, चर्चमध्ये असल्यासारखा. मिरचीच्या सॉसची बाटली प्रत्येकाच्या खिशात असते. ती कोपऱ्यावर वळल्यावर काढतात, मला खिडकीतून दिसतं. माणसं विचित्र होत चाललीत.

जेवणं संपल्यावर मा आल्या. मा सिफोरा म्हणजे बर्टीची आई, वय त्र्याऐंशी, काठी आपटत चालतात आणि काठी आपटतच बोलतात.

"कबरीचा दगड शेडमध्ये पडून आहे," त्या म्हणाल्या. "नाव कोरून वर्ष झालं. गोणपाटाखाली पोराचं नाव झाकून ठेवलंयस."

"सीझन आहे, मा. पाहुणे आहेत."

"पाहुणे नव्हते तेव्हा पाऊस होता. व्हर्ल, तो पुन्हा माझ्या स्वप्नात आला. निळा शर्ट घालून उभा होता. म्हणाला, 'मा, मला भूक लागलीय.' एक दिवस ठरव. दगड उभा करू, ढोल वाजवू, त्याचं अळणी ताट खोलीत मांडू. सकाळी पोरं लुटून खातील आणि तो सुटेल."

ही रीत मला शिकवायची गरज नव्हती. जिवंतांच्या भांड्यात मीठ, गेलेल्यांच्या ताटात नाही, हे इथे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि दगड उभा राहिला की माणूस गेला. तोवर तो इथेच असतो, असं म्हणतात.

मी नेहमीचंच सांगितलं. निरोप मला आला पाहिजे. एकोणतीस वर्षं संसार माझ्याशी केला. तो माझ्या स्वप्नात येऊन सांगेल त्या दिवशी दगड उभा करीन.

मा निघाल्या. जाताना खिडकीतलं ताट घेतलं, उभ्यानेच सगळं खाल्लं.

१० फेब्रुवारी

शेजारची हेस्टिना सकाळी सकाळी आली. तिच्याही स्वप्नात बर्टी. माझ्याच खिडकीशी उभा होता म्हणे, हातात रंधा.

"काही बोलला?"

"बोलला नाही गं, नुसता हसला."

मी तिला चहा दिला. माझ्या खिडकीशी उभा राहतो आणि स्वप्नात शेजारणीच्या जातो. सगळ्या गावाला भेटून झालं, माझ्याच घराचा रस्ता विसरला. दोन वर्षं मी रोज नऊ वाजता झोपते. तो लवकर झोपायचा, म्हणून. सकाळ होते. मध्ये काहीच नसतं.

आज काही खाल्लेलं लिहिण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी

ओलिंडाच्या टपरीवर बेक आणि खारा मासा. बेक पुरीसारखे फुगलेले, आत मासा कांदा-टोमॅटोत परतलेला. मॉरीनला साडेनऊ गुण सुचले, अर्धा गुण माश्यांबद्दल कापला.

"अर्धा कशाला कापलात बाई?" ओलिंडा म्हणाली. "माश्या पण चांगलं जेवण ओळखतात. व्हर्लिनच्या खिडकीवर एक तरी माशी दिसते का?"

सगळे हसले. मग ओलिंडाने मला उगाच एक बेक जास्त दिला.

रॉलीने माझ्यापुढे मासा सरकवला. मला नको होता. मी खारा मासा खात नाही. बर्टीला प्रेशर होतं. सिस्टर पॉलेटने त्याचं मीठ बंद केलं होतं, मला बाजूला घेऊन दोनदा बजावलं होतं. त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "व्हर्ल, जीभ गवत झालीय, एक तुकडा दे." मी दिला. मग त्याने आणखी एक मागितला, तोही दिला. अकरा वाजता तो स्वतः बांधत असलेल्या होडीच्या सांगाड्याखाली पडलेला सापडला. सिस्टर म्हणाली, एका माशाने असं होत नसतं. ती सगळ्यांना तसंच सांगते.

बेक दीड. कसा लागला: तेलकट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय झालं ते क्रमाने लिहिते.

बारा दिवसांत नऊ जागा झाल्या. कूकू कुठेच ते नाही. आज शनिवार. रॉली ओट्याशी आला आणि म्हणाला, "तू स्वतः रांधतेस आणि आम्हाला गावभर फिरवतेस? काखेत कळसा म्हणतात तो हाच!" मी म्हटलं, माझ्यात विशेष काही नाही. तरी मॉरीनला घेऊन बसला. मी कूकू वाढलं, वर तुरीच्या दाण्यांचं कालवण आणि बोकडाचे दोन तुकडे.

त्याने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मग हातानेच खायला लागला. ताट संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. वर केली तेव्हा दोन्ही गाल ओले होते.

"हेच," तो म्हणाला. "मॉरीन, हेच ते. साठ वर्षं... हेच."

मॉरीनने तोंडातला घास चघळला. पुन्हा चघळला. मग पाणी प्याली.

"दोन," ती म्हणाली.

"काय दोन?"

"दहापैकी दोन. रॉली, ह्यात मीठ नाही."

"तुला कळतं काय ह्यातलं!"

"मी आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षं तीनशे पोरांचं जेवण रांधलंय. मीठ कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं. ह्यात कणभर मीठ नाही. बोकडात नाही, कालवणात नाही, कशातच नाही. व्हर्लिन, माफ कर हं, कुणीतरी सांगायला हवं होतं."

हवालदार कंबरबॅच टोपी हातात धरून उभा होता. त्याने जमिनीकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनीच जमिनीकडे पाहिलं. कुणी "काय हो, मीठ आहे की" म्हटलं नाही.

रॉलीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "लहानपणी आम्ही पोरं पहाटे दाराशी टपून बसायचो. खोली उघडली की गेलेल्यांचं ताट लुटायचो. जो आधी पोचेल त्याला कूकू." तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "म्हणजे मी इतकी वर्षं आईचं नव्हे, ते शोधत होतो."

मी आत गेले. फडताळात मिठाची बरणी होती. चमचा आत जाईना. दगड झाला होता. ती शेवटची कधी उघडली ते मला सांगता येत नाही. बरणी परत ठेवली. बाहेर येऊन उरलेली ताटं वाढली, लोकांनी घेतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर मांकडे गेले. त्या अंगणात तूर सोलत होत्या.

"दोन वर्षं अळणी खाल्लंत आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"तू त्याला जेवू घालतेयस असं वाटलं. आमच्या तोंडाने," मा म्हणाल्या. "सगळ्या गावालाच वाटलं. दगड उभा करवत नाही, निदान ताट तरी रोज मांडतेय बिचारी. अशा ताटात कोण मीठ मागणार? कंबरबॅचला तर मीच सांगितलं होतं, टोपी काढ म्हणून."

"मी कुणालाही जेवू घालत नव्हते. मला कळलंच नाही, मा. मला चवच कळत नाही."

त्या सोलत राहिल्या. मग मी ते बोलले, जे ह्या वहीतही लिहिलं नव्हतं. तो सगळ्यांकडे येतो आणि माझ्याकडे येत नाही, कारण त्याला माहीत आहे. मासा मी दिला. मला सांगितलं होतं आणि मी दिला. त्याचा माझ्यावर राग आहे, आणि राग धरून बसलेल्या माणसावर मी दगड कशी ठेवू?

मांच्या मांडीवरची शेंगांची टोपली खाली पडली. त्या उचलायला वाकल्या नाहीत. मीही नाही. मी घरी आले.

१७ फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला काठीचा आवाज. मा चढण चढून एकट्या आल्या होत्या. बसल्या नाहीत.

"मला तो एकदाही दिसला नाही," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा नाही, व्हर्ल."

"आणि निळा शर्ट?"

"तो मीच शिवला होता. जागेपणी डोळ्यांसमोर असतो. स्वप्नात काही नाही, नुसता काळोख."

"मग इतक्यांदा खोटं का बोललात?"

"तू दगड उभा करावास म्हणून. आणि पोटच्या पोराने आईला विसरावं, हे सांगायला तोंड कुठून आणू? मला वाटायचं तो तुझ्याकडे रोज येतोय आणि तू मला सांगत नाहीस. हातचं राखतेयस. दोन वर्षं तुझा राग केला मी." मग काठी आपटून म्हणाल्या, "आणि मासा मासा काय करतेस? बोळक्या तोंडाचा होता तेव्हापासून खारा मासा मी चारलाय त्याला. द्यायचा तर दोष सुरुवातीपासून दे."

मी त्यांना खुर्ची दिली. कॉफी केली. दोघी कपातच बघत प्यायलो. मला काहीतरी वाटायला हवं होतं. एवढंच वाटलं की ह्या बाईच्या पायात चपला उलट्या आहेत आणि ती तशीच मैलभर चालत आली. मी खाली बसून त्या सरळ घातल्या.

मग म्हटलं, "शनिवारी करू."

"स्वप्नाशिवाय?"

"स्वप्नाशिवाय."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून अंगणात चुली. युट्रिसबाई, ओलिंडा, हेस्टिना, सगळ्या पातेली घेऊन हजर. मॉरीनने बाह्या वर केल्या आणि तीनशे पोरांना पुरेल अशा आवाजात सगळ्यांना कामाला लावलं. रॉलीला लाकडं फोडायला बसवलं. एक फोडतो आणि दहा मिनिटं कंबर धरतो.

"बस चालवायला बरी होती ही कंबर!" ओलिंडा म्हणाली.

जिवंतांच्या भाताला किती मीठ घालायचं ते माझ्या हाताला आठवेना. मूठ भरली आणि तशीच उभी राहिले. मॉरीनने माझं मनगट धरून पातेल्यावर नेलं, "थोडं, आणखी थोडं, बास," म्हणाली आणि सोडलं. बर्टीचं ताट मांनी रांधलं. निम्मं खाली सांडलं तरी कुणाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी ते खोलीत मांडलं आणि दार लावलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पोरांनी ताट लुटलं. रॉली बाजूला उभा राहून बघत होता. मॉरीनने त्याला ढकललं, "जा की!" तो गेला नाही. म्हणाला, त्यांचा मान आहे.

दहा वाजता दगड कबरीवर नेला. सहा जणांनी उचलला. ढोल बसले. ढोलांचे म्हातारे पापा नेस्टर, चाळीस वर्षं हेच करतात. त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं, रम शिंपडली, आणि रीतीप्रमाणे बर्टीचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "ऑस्बर्ट एनोने निरोप कुणाकडे धाडला?"

ह्याला कुणीतरी पुढे येऊन आपलं स्वप्न सांगायचं असतं. त्याशिवाय ढोल पुढे जात नाही. हेस्टिना माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली असती तर ती बोलली असती. मांनी माझा हात धरला.  मला माहीत होतं, त्या निळा शर्ट सांगतील आणि निभावून नेतील, आणि मग मरेपर्यंत ते खोटं वागवतील.

मी म्हटलं, "कुणाकडेच नाही, पापा. त्याने बोलावलेलं नाही. आम्हीच त्याला बोलावतोय."

 पापा नेस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग हाताचा तळवा ढोलावर ठेवून म्हणाले, "मग हाक मार. मोठ्याने मार, कानाने जरा कमीच होता तो."

लोक हसले. मी ठरवलं होतं की पूर्ण नाव घ्यायचं, चर्चमध्ये घेतात तसं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "बर्टी! अरे काम राहू दे, जेवण निवतंय!"

होडी बांधायच्या जागेकडे तोंड करून रोज दुपारी मारायचे ती हाक. एकोणतीस वर्षं. मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही.

पहिल्या हाकेला तो कधीच यायचा नाही. म्हणून दुसरी मारली. दुसरीला म्हणायचा, आलो आलो, आणि यायचा नाही. तिसरी मारताना माझा आवाज फुटला, आणि माझ्याबरोबर मा ओरडल्या, "ये रे बाळा, ती किती वेळ थांबणार!"

 मी मातीत बसून रडले, तोंड न झाकता, दोन वर्षांत पहिल्यांदा. ढोल वाजत राहिले. लोकांनी मला पोटभर रडू दिलं, आणि मग मला आणि मांना धरून जेवायला नेऊन बसवलं.